पायाच्या शिरेतील गुठळी : गोळी की नळी?

शिखरजीची वंदना करून परतलेल्या यात्रेकरूंचे पाय दुखतात, यात नवल काही नसते. पहाट उजाडण्यापूर्वी निघून सुमारे २७ किलोमीटरची चढण, परिक्रमा आणि उतरण एका दिवसात पुरी करायची, आणि त्याच्या आधी व नंतर रेल्वेच्या डब्यात पाय दुमडून तासन्‌तास बसायचे. समजा, अशाच एका यात्रेहून सांगलीला परतलेल्या पस्तीस वर्षांच्या गृहिणीचा पाय चौथ्या दिवशीही दुखतो आहे. घरातील वडीलधाऱ्या बायका म्हणतात, ‘डोंगर चढलीस ना बाई, पोटऱ्या भरून आल्या असतील. तेल चोळून घे, दोन दिवसांत मोकळा होईल.’ परंतु दुखतो आहे तो एकच पाय, डावा. मांडीपासून घोट्यापर्यंत तो सुजला आहे, उजव्यापेक्षा गरम लागतो आणि त्याच्यावर किंचित निळसर झाक आली आहे. डोंगर तर दोन्ही पायांनी चढला होता.

या एका फरकाकडे घरातील कोणाचे तरी लक्ष गेले, तर पुढचा बराच अनर्थ टळतो. एकच पाय अचानक सुजणे हे खोल शिरेत रक्ताची गुठळी झाल्याचे लक्षण असू शकते. डॉक्टर त्याला ‘डीव्हीटी’ म्हणतात. अशा पायाला तेल लावून रगडू नये. गुठळीचा तुकडा सुटून रक्ताबरोबर हृदयातून फुफ्फुसात गेला, तर काही मिनिटांत जिवावर बेतते. त्याच दिवशी डॉपलर सोनोग्राफी करून घ्यावी. तिला सुई लागत नाही, वेदना होत नाही, आणि तालुक्याच्या गावीही ती आता बहुतेक ठिकाणी होते.

या गृहिणीच्या डॉपलरमध्ये दिसते की गुठळी गुडघ्यामागून मांडीत, मांडीतून जांघेत आणि जांघेतून वर ओटीपोटातील शिरेपर्यंत पोचली आहे. घरचे डॉक्टर म्हणतात, रक्त पातळ करण्याची औषधे सुरू करू, हळूहळू उतरेल. मोठ्या रुग्णालयातील तज्ज्ञ म्हणतात, वय लहान आहे, गुठळी वरपर्यंत आहे, शिरेत नळी घालून ती विरघळवलेली बरी. पहिला मार्ग स्वस्त आणि सोपा. दुसरा खर्चाचा, अतिदक्षता विभागात नेणारा. घरातील चार माणसे रुग्णालयाच्या जिन्यात उभी राहून एकमेकांकडे पाहतात. कोणाचे ऐकावे?

उत्तर शोधण्यापूर्वी, नेमका डावाच पाय का, हे पाहण्यासारखे आहे. हृदयातून खाली आलेली महाधमनी बेंबीच्या पातळीजवळ दोन फाट्यांत विभागते. त्यांपैकी उजव्या पायाकडे जाणारी धमनी वाटेत डाव्या पायाकडून येणाऱ्या शिरेला ओलांडून जाते. शीर खाली, धमनी वर, आणि शिरेच्या मागे पाठीच्या मणक्याचे हाड. धमनी जाड भिंतीची, प्रत्येक ठोक्याला उसळणारी. शीर मऊ, पातळ. आयुष्यभर त्या दोहोंमध्ये शीर दाबली जाते. मे आणि थर्नर या दोन ऑस्ट्रियन वैद्यकांनी ४३० मृतदेहांची तपासणी करून १९५७ साली लिहिले की, त्यांतील २२ टक्के देहांत या ठिकाणी शिरेच्या आत पडद्यासारखे, दोऱ्यासारखे तंतू तयार झालेले आढळले. म्हणजे ही रचना काही दुर्मीळ व्याधी नव्हे. बहुसंख्य लोक तीसह सुखाने जगतात आणि त्यांना तिची कल्पनाही नसते. तिच्यावर आणखी काही ओझे पडले, की मात्र प्रवाह तुंबतो.

हे ओझे कोणते असते, ते बर्लिनच्या रुडॉल्फ फिरखोव यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तीन कारणांत आजही सांगितले जाते : रक्ताचा मंदावलेला प्रवाह, शिरेच्या अस्तराला झालेली इजा आणि रक्ताची वाढलेली गोठण्याची प्रवृत्ती. लांबचा प्रवास, प्लास्टरमधला पाय, शस्त्रक्रियेनंतरचे अंथरूण, गर्भारपण आणि बाळंतपणानंतरचे सहा आठवडे, कर्करोग, स्थूलता, ही सगळी या तीन वाटांनीच येतात. पाणी कमी प्यायल्याने त्यात भर पडू शकते. आपल्या घरांत फारसे बोलले जात नाही असे आणखी एक कारण आहे. यात्रेत, पूजेत किंवा घरच्या मंगलकार्यात अडथळा नको म्हणून पाळी पुढे ढकलण्याची गोळी औषधाच्या दुकानातून परस्पर आणली जाते. इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्यांनी गुठळीचा धोका वाढतो, हे तर निश्चित ठाऊक आहे. पाळी पुढे ढकलण्यासाठी सर्रास दिले जाणारे नॉरएथिस्टेरॉन हे त्या वर्गातले नाही. पण मोठ्या मात्रेत घेतल्यास त्याचा काही अंश शरीरात इस्ट्रोजेनमध्येच रूपांतरित होतो. ज्या स्त्रीला किंवा तिच्या आई-बहिणीला पूर्वी गुठळी झाली आहे, तिने ही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेणे हा जुगार आहे. आणि डॉक्टरांनी ‘कोणती औषधे चालू आहेत?’ असे विचारल्यावर या गोळीचा उल्लेख बहुधा होतच नाही. ती औषध आहे असे कोणाला वाटतच नाही.

आता गोळीची बाजू. ‘रक्त पातळ करणारी औषधे’ हा शब्दप्रयोग इतका रूढ झाला आहे की तो बदलणे कठीण. पण तो फसवा आहे. ही औषधे रक्त पातळ करीत नाहीत आणि झालेली गुठळी विरघळवीतही नाहीत. ती गोठण्याची साखळी एका ठिकाणी रोखतात, त्यामुळे गुठळी वाढत नाही आणि नवी होत नाही. आधीची गुठळी विरघळवण्याचे काम शरीरातील प्लाझ्मिन नावाचे द्रव्य आपल्या गतीने करते. पोटरीतील लहान गुठळीला ते पुरे पडते. फुफ्फुसात गुठळी जाऊन होणारा मृत्यू टाळण्यात या औषधांनी जे यश मिळवले आहे, त्याला तोड नाही; नळी घातली किंवा न घातली, तरी ती घ्यावीच लागतात, साधारणतः किमान तीन महिने.

परंतु ओटीपोटातील शिरेपर्यंत गेलेली लांब गुठळी पुष्कळदा पूर्ण विरघळत नाही. ती आक्रसते, शिरेच्या भिंतीला चिकटते, तिचा व्रण बनतो. पायाच्या शिरांत रक्त खाली परतू नये म्हणून नाजूक झडपा असतात. त्या या व्रणात अडकून निकामी होतात. मग पाय वर्षानुवर्षे जड राहतो. सकाळी बरा असतो, संध्याकाळी दगडासारखा होतो. घोट्याभोवतीची त्वचा काळवंडते, कडक होते, आणि काहींना तेथे न भरणारी जखम होते. खोल शिरेत गुठळी झालेल्यांपैकी जवळपास निम्म्यांपर्यंत रुग्णांना हा त्रास कमी-अधिक प्रमाणात होतो. पस्तिशीतल्या बाईपुढे अशा पायाने काढायची चाळीस वर्षे उभी असतात. नळीच्या उपचाराचा जन्म या चिंतेतून झाला.

त्यासाठी तीन गोष्टी एकत्र याव्या लागल्या. बाल्टिमोरच्या विल्यम टिलेट यांनी १९३३ साली दाखवून दिले की, काही जिवाणूंनी तयार केलेले द्रव्य मानवी रक्ताची गुठळी विरघळवते. त्यातूनच पुढे स्ट्रेप्टोकायनेज हे औषध आले. १९५३ साली स्वीडनच्या स्वेन सेल्डिंगर यांनी एक साधी, पण जगभर पसरलेली युक्ती प्रसिद्ध केली : सुई रक्तवाहिनीत घालायची, सुईतून तार सरकवायची, सुई काढून घ्यायची आणि तारेवरून नळी आत न्यायची. चाकू न लावता रक्तवाहिनीत शिरण्याचा हा दरवाजा होता. अमेरिकेतील पोर्टलँडचे चार्ल्स डॉटर यांनी १९६४ साली त्याच दरवाजातून आत जाऊन एका ८२ वर्षांच्या वृद्धेच्या पायाची अरुंद धमनी नळीने रुंद केली. पाय कापावा लागेल, असे तिला सांगण्यात आले होते. पुढे दहा वर्षांनी त्यांनीच स्ट्रेप्टोकायनेज अल्प मात्रेत थेट गुठळीत सोडण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. १९९४ साली सेम्बा आणि डेक यांनी पाय व ओटीपोटातील शिरांच्या गुठळ्यांवरील अनुभव मांडला आणि हा उपचार पुष्कळ ठिकाणी सुरू झाला.

प्रत्यक्षात काय केले जाते? रुग्णाला बहुधा पालथे झोपवतात. गुडघ्यामागची जागा बधिर करून सोनोग्राफीवर पाहत पाहत तेथील शिरेत सुई जाते. मग तार, मग बारीक नळी. या नळीच्या शेवटच्या भागाला बाजूने अनेक सूक्ष्म छिद्रे असतात आणि तो भाग गुठळीच्या लांबीत, तिच्या पोटात ठेवला जातो. त्यातून विरघळवणारे औषध थेंबाथेंबाने सुटते. अल्टेप्लेज हे औषध असल्यास तासाला साधारण अर्धा ते एक मिलिग्रॅम; हेच औषध हृदयविकाराच्या झटक्यात हाताच्या शिरेतून देतात तेव्हा थोड्या वेळात १०० मिलिग्रॅमपर्यंत जाते, यावरून स्थानिक मात्रा किती अल्प आहे ते ध्यानात येईल. भारतात युरोकायनेज आणि स्ट्रेप्टोकायनेजही वापरली जातात. हे थेंब एक रात्र, कधी दोन रात्री चालू राहतात. रुग्णाने हलायचे नाही. रक्ताच्या तपासण्या दर काही तासांनी. दुसऱ्या दिवशी रंगद्रव्य सोडून क्ष-किरणांवर पाहिले की शीर किती उघडली ते कळते. ती उघडल्यावर, धमनीखाली दाबली गेलेली जागा पहिल्यांदा स्पष्ट दिसते. तेथे अनेकदा फुगा फुगवून जाळीची नळी, म्हणजे स्टेंट, बसवावा लागतो. नाहीतर तुंबण्याचे मूळ कारण तसेच राहते.

धोका रक्तस्रावाचा. औषध अल्प असले तरी ते रक्तात मिसळते, आणि क्वचित, पण खरोखर, पोटात किंवा मेंदूत रक्तस्राव होतो. म्हणून नुकतीच मोठी शस्त्रक्रिया किंवा पक्षाघात झालेल्यांना, पोटात व्रण असलेल्यांना, गर्भवतींना हा उपचार सहसा देत नाहीत. यावर तोड म्हणून विरघळवणारे औषध न वापरता गुठळी यंत्राने बाहेर काढणाऱ्या नळ्या गेल्या काही वर्षांत आल्या आहेत. काहींत निर्वाताने गुठळी ओढून घेतली जाते, काहींत उघडणारी धातूची जाळी भिंतीवरून गुठळी खरवडून पिशवीत गोळा करते. काम एका बैठकीत होते, अतिदक्षता विभागातील रात्र वाचते. दाबाने पाण्याचा झोत मारणाऱ्या जुन्या यंत्रात तांबड्या पेशी फुटून लघवी काळपट होते आणि मूत्रपिंडावर ताण येतो, हे मात्र आधी सांगितलेले असावे. नाहीतर घरचे घाबरतात.

येथपर्यंत वाचून कोणालाही वाटेल की, मग सर्वांना नळीच का घालू नये? वैद्यकालाही बरीच वर्षे तसेच वाटत होते. शीर उघडली की झडपा वाचतील, झडपा वाचल्या की पाय वाचेल. तर्क इतका सरळ की त्याची परीक्षा घेणे अनावश्यक वाटावे. परीक्षा घेतली गेली, हे वैद्यकाचे मोठेपण.

नॉर्वेतील २०९ रुग्णांच्या चाचणीत निम्म्यांना फक्त औषधे आणि निम्म्यांना नळीचा उपचारही दिला गेला. २०१२ साली जाहीर झालेला दोन वर्षांनंतरचा निकाल असा : जडपणा-सूज यांचा कायमचा त्रास नळीच्या गटात ४१ टक्क्यांना, फक्त औषधांच्या गटात ५६ टक्क्यांना. पाच वर्षांनी हेच आकडे ४३ आणि ७१ झाले. अंतर मोठे होते. पण रुग्णांनी स्वतः सांगितलेल्या जीवनमानात मात्र दोन्ही गटांत म्हणावा असा फरक नव्हता.

त्यानंतर अमेरिकेत ६९२ रुग्णांची अधिक मोठी चाचणी झाली. तिचे नाव ‘अट्रॅक्ट’, आणि प्रमुख सेंट लुईस येथील डॉ. सुरेश वेदांतम. ते स्वतः नळीने उपचार करणारे तज्ज्ञ. निकाल २०१७ च्या डिसेंबरात प्रसिद्ध झाला आणि तो अपेक्षेच्या उलट होता. दोन वर्षांत पायाचा कायमचा त्रास नळीच्या गटात ४७ टक्क्यांना झाला, केवळ औषधे घेणाऱ्यांत ४८ टक्क्यांना. जवळजवळ फरक नाही. पहिल्या दहा दिवसांतील मोठा रक्तस्राव मात्र नळीच्या गटात १.७ टक्के आणि दुसऱ्या गटात ०.३ टक्के. ज्या उपचाराला आपले आयुष्य वाहिले, त्याच्याविरुद्ध जाणारा निष्कर्ष त्याच माणसाने जगापुढे ठेवला. औषध व यंत्रांच्या जाहिरातींनी भरलेल्या या क्षेत्रात ही गोष्ट लक्षात ठेवावी अशी आहे.

तरीही आकड्यांच्या पोटात आणखी काही होते. मध्यम किंवा तीव्र त्रास होण्याचे प्रमाण नळीच्या गटात कमी होते : १८ टक्के विरुद्ध २४. आणि ज्यांची गुठळी जांघेच्या वर ओटीपोटापर्यंत गेली होती, त्या रुग्णांत हा फरक १८ विरुद्ध २८ असा अधिक ठळक होता. गुठळी केवळ मांडीत व गुडघ्यामागे असलेल्यांना नळीचा लाभ दिसला नाही. म्हणजे ‘गोळी की नळी’ या प्रश्नाचे उत्तर गुठळी कोठवर आहे, यावर पुष्कळसे अवलंबून आहे. मांडीपुरती गुठळी असताना कोणी नळीचा आग्रह धरीत असेल, तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत जरूर घ्यावे. आणि वय सत्तरीच्या पुढे, सोबत इतर व्याधी, अशा स्थितीत साध्या गोळ्यांना कमी लेखू नये.

सांगलीच्या या गृहिणीची गुठळी मात्र ओटीपोटापर्यंत आहे, वय कमी, रक्तस्रावाचे कारण नाही आणि दुखणे सुरू होऊन आठवडाही झालेला नाही. गुठळी जुनी झाली की ती रबरासारखी घट्ट होते आणि औषधाला दाद देत नाही. साधारणतः दोन आठवड्यांची मर्यादा मानतात. तेव्हा तिच्यासाठी नळीचा विचार रास्त आहे, तोही निवांतपणे, आकडे समजावून घेऊन, रक्तस्रावाची शक्यता मान्य करून. घाई करावी अशी स्थिती एकच : पाय प्रचंड सुजून निळाजांभळा झाला, बोटे गार पडली, वेदना असह्य झाली, तर पाय आणि जीव दोन्ही धोक्यात असतात आणि तेथे जिन्यात उभे राहून चर्चा करण्यास वेळ नसतो.

उपचार ठरला की आपल्या घरांत आणखी एक प्रश्न निघतो, आणि तो ऐन वेळी निघण्यापेक्षा आधी निघालेला बरा. हेपॅरिन कशापासून बनते? १९१६ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये जे मॅक्लीन या विद्यार्थ्याच्या प्रयोगांतून त्याचा शोध लागला, आणि यकृताच्या ग्रीक नावावरून त्याला हे नाव मिळाले. आजचे हेपॅरिन आणि एनॉक्सापॅरिनसारखी त्याची रूपे मुख्यतः डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून काढली जातात. ज्यांना हे माहीत नसते, त्यांना नंतर कळल्यावर क्लेश होतो. ज्यांना माहीत असते, ते कधी कधी ऐन वेळी इंजेक्शन नाकारतात. फोंडापॅरिनक्स हे पूर्णपणे रसायनशाळेत घडवलेले इंजेक्शन उपलब्ध आहे, तसेच रिव्हारॉक्साबान, अपिक्साबान या गोळ्यांतील औषधही कृत्रिम आहे. सर्वच रुग्णांना ती चालतात असे नाही; मूत्रपिंड अशक्त असल्यास फोंडापॅरिनक्स देता येत नाही, आणि नळीच्या उपचारात तर हेपॅरिन टाळणे अवघड असते. पण विचारले तर पर्याय तपासता येतो. निर्णय ज्याचा त्याने आपल्या विवेकाने करावा. मात्र इंजेक्शन नाकारून दुसरे काहीच न घेणे, यात फुफ्फुसात गुठळी जाण्याचा धोका प्रत्यक्ष आहे.

व्रतांचेही तसेच. रिव्हारॉक्साबानची १५ व २० मिलिग्रॅमची गोळी अन्नाबरोबर घ्यावी लागते. उपाशीपोटी ती पुरेशी शोषली जात नाही. चौविहार पाळणाऱ्यांनी ती सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाबरोबर घेता येईल का, हे आधी ठरवून घ्यावे. अपिक्साबान अन्नाविना चालते, पण दिवसातून दोनदा, साधारण बारा तासांच्या अंतराने, म्हणून तिच्यासाठी रात्रीच्या पाण्याचा प्रश्न उभा राहतो. जुने वॉरफेरिन चालू असेल तर गोष्ट निराळीच. ते ‘के’ जीवनसत्त्वाच्या विरुद्ध काम करते आणि हे जीवनसत्त्व पालेभाज्यांत भरपूर असते. वर्षभर मेथी-पालक खाणाऱ्या माणसाने चातुर्मासात किंवा पर्युषणात हिरवी भाजी एकदम सोडली, की त्याच गोळीचा परिणाम वाढतो आणि हिरड्यांतून, नाकातून, कधी पोटात रक्त येऊ लागते. पारण्यानंतर पुन्हा भाजी सुरू झाली की परिणाम उतरतो. अशांनी व्रत सुरू करण्यापूर्वी आणि आठवडाभराने ‘आयएनआर’ ही रक्ततपासणी करून घ्यावी. मात्रा बदलण्याचे काम डॉक्टरांचे. आपण होऊन गोळी अर्धी करू नये, आणि उपवासाच्या दिवशी ती मुळीच वगळू नये.

रुग्णालयातून घरी जाताना हातात येणाऱ्या कागदावर औषधाचे नाव, वेळ आणि किती महिने, एवढे तरी स्पष्ट लिहून घ्यावे. स्टेंट बसवला असेल तर त्याची जागा आणि तारीख. दम लागला, छातीत कळ आली, खोकल्यातून रक्त पडले, तर कोठे जायचे त्या रुग्णालयाचा फोन. आणि कागदाच्या खाली, वेगळ्या ओळीत : पाळी पुढे ढकलण्याची गोळी यापुढे बंद.